पवनी ते झोप, मार्गे भंडारा

ती शर्यत मी जिंकण्यासाठी धावले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. लोक उगाच कौतुक करतात आणि मग ते कौतुक डोक्यावर घेऊन हिंडावं लागतं. मला झोप हवी होती. सलग, काळीभोर, बिनस्वप्नांची झोप. तिच्या नादात मी वैनगंगेत दोन किलोमीटर पोहले, सायकलनं पवनीहून भंडाऱ्याला जाऊन परत आले आणि वर वीस किलोमीटर धावले. ज्यांना गादीला पाठ टेकताच झोप लागते, त्यांनी खुशाल हसावं.

मिता झाल्यापासून दीड वर्ष मी झोपले नव्हते. पोरीचा यात काही दोष नाही. ती दिवा मालवल्यासारखी झोपायची. तिचे बाबा तेजराम तर कचेरीत फायलीवर हनुवटी टेकवूनही झोपू शकत. जागी मी. पोर इतकी शांत आहे म्हणजे श्वास चालू आहे ना, हे मी पाहायची. चालू असला तर नेहमीपेक्षा जलद आहे का, ते पाहायची. आणि नेहमीचा म्हणजे किती, हे ठरवण्यासाठी घड्याळ लावून मोजायची. दिवसाही तेच. बी.ए.ला माझा तर्कशास्त्र विषय होता. घरातली कोणतीही वस्तू पोरीच्या घशापर्यंत कशी पोचेल, हे मी दोन पायऱ्यांत सिद्ध करू शकत होते. चिंचोका, बटण, चमचा, इतकंच काय, छपरावरचं कवेलू.

"कवेलू घशात कसं जाईल?" ह्यांनी एकदा विचारलं.

"आधी फुटेल," मी म्हटलं.

दीड वर्ष न झोपलेल्या माणसाला जग पाण्याखालून दिसतं. सासूबाईंचे ओठ आधी हलायचे, शब्द मागाहून यायचे. अंगणातला पेरू माझी पाठ वळली की पाऊलभर पुढे सरकायचा. घाटाकडून येणाऱ्या बाया जमिनीपासून वीतभर उंच चालताहेत, असं वाटायचं, आणि ते त्यांना शोभूनही दिसायचं. एकदा दारात आलेल्या पाहुण्यांना मी "या, बसा" म्हटलं. ती मंदाबाईंची म्हैस होती. मंदाबाई समोरच्याच घरातल्या. ती गोष्ट त्यांनी गावभर केली. म्हशीनं केली नाही.

शेवटी हे मला भंडाऱ्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, माझ्या पिशवीतली पोरीच्या श्वासांच्या आकड्यांची वहीही पाहिली. मग म्हणाल्या, "तुमचं डोकं थकतं, अंग थकत नाही. अंग इतकं थकवा की भीतीला बसायला जागा उरू नये." औषध काही दिलं नाही. तेव्हापासून सासूबाई त्यांना 'बिनदवाईची डॉक्टर' म्हणतात.

आणि त्याच आठवड्यात सायकल रिक्षावर भोंगा लावून गावातून पुकारा झाला. साल सत्त्याऐंशी. आमच्या गावचे ड्रिल मास्तर सेवकराम कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते. एकच माणूस आधी पोहतो, लगेच सायकल चालवतो, लगेच धावतो, अशी एक शर्यत परदेशात असते, हे त्यांना तिथं कळलं होतं. त्यांनी तिला 'त्रिविध महाशर्यत' असं नाव दिलं आणि दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी ती पवनीत ठेवली. "परदेशातले लोक हे हौसेनं करतात," असं ते चौकात सांगत. "काहून?" असं चौक विचारी. या प्रश्नाचं उत्तर शिबिरात दिलं गेलं नव्हतं.

मी मात्र पुकाऱ्याबरोबर वाटलेला छापील कागद वाचला तेव्हा मला शर्यत दिसलीच नाही. मला उशी दिसली.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. "थकाचंच हाये त बांधीत चाल ना," त्या म्हणाल्या. "धानाची कापणी लागली हाये. दोन दिवस वाकून काप, तिसऱ्या दिवशी तुले ढोलानं बी जाग नाही येनार."

इतका बिनतोड युक्तिवाद मी कॉलेजातही ऐकला नव्हता. पण मी पदवीधर होते. सासूनं सांगितलेला सोपा उपाय पदवीधर सुनेनं लगेच मान्य करावा, अशी पद्धत आमच्याकडे नाही.

"मला पोहता येतं," मी म्हटलं. "माहेरी दिघोरीच्या बोडीत मी म्हशींच्या आधी पैलतीर गाठायची."

"म्हशी शर्यत नव्हत्या लावून राहिल्या, माय."

हे मात्र गप्प होते. ते विचार करताहेत असं मला वाटलं. ते झोपले होते.

मग अर्ज. अर्जाला सात रकाने. सहाव्यात 'पतीची हरकत नसल्याचे पत्र', ते ह्यांनी तीन प्रतींत लिहून दिलं, 'विषय' आणि 'संदर्भ' घालून. संदर्भ म्हणून आमच्या लग्नाची तारीख. सातवा रकाना होता : 'पोहता येत असल्याबद्दल सरकारी माणसाचा दाखला.' तो आणायला मी एका कचेरीत गेले. कोणत्या, ते सांगत नाही. तिथल्या कारकुनांना पुढे बढती मिळाली आहे, मधे मी कशाला येऊ?

"बाई, रहिवासी पायजे, देतो," ते म्हणाले. "हयातीचा पायजे, देतो. पोहण्याचा नमुनाच नाही आमच्याजवळ."

"मग हयातीचाच द्या. मी पोहून बाहेर आल्यावर."

ते हसले नाहीत. सरकारी कागदाची थट्टा केली की त्या माणसांना खरंच लागतं. बराच विचार करून त्यांनी तोड काढली : पंचनामा. बुधवारी सकाळी अकरा वाजता घाटावर पाच पंच जमले. त्यांतल्या चौघांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. पाचवे आमच्या शेजारचे आनंदराव, निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना सगळ्याच विषयांतलं थोडंथोडं कळायचं आणि ते सगळंच ते सांगायचे. काठावर निम्मं गाव. मी सासूबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्याचा कासोटा घालून पाण्यात उतरले, डोहाला एक फेरी मारली आणि बाहेर आले. पंचनाम्यात लिहिलं गेलं : 'सदर अर्जदार बाई आमचे समक्ष पाण्यात उतरल्या व आमचे समक्ष बाहेर आल्या. मध्यंतरी त्यांनी काय केले ते पाण्याखाली असल्याने निश्चित सांगता येत नाही.' खाली पाच सह्या. अर्ज मंजूर.

त्यानंतर पंधरा दिवस सल्ल्यांचे. आनंदरावांनी सांगितलं, सायकलवर तोंड मिटून ठेवायचं. हवा पोटात भरली की माणूस हलका होतो आणि वळणावर उडतो. मंदाबाई म्हणाल्या, "मी नाही म्हणत नाही वो, पण पोरीची आई तुम्ही. नदीले काय, कोणाची बी आई चालते." हे बोलून त्या शांतपणे ताक पिऊन गेल्या. मी पुढचे दोन दिवस त्या वाक्याशी खेळत बसले.

शर्यतीच्या दिवशी पोरीला सासूबाईंवर सोपवताना मी चार पानं सूचना दिल्या. नंबर घालून. पान तीनवर कवेलूही होतं. सासूबाईंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, घडी घालून कमरेला खोचला. "पाच पोसले मी," म्हणाल्या. "तवा एवढा कागद पवनीत मिळत बी नव्हता."

सकाळी सहाला घाटावर अठरा पुरुष आणि मी. महिला विभागात नाव एकच, माझं. नदीवर धुकं इतकं दाट की पलीकडचा काठ कुणीतरी पुसून टाकला होता. सेवकराम मास्तरांनी शिटी वाजवली आणि अठरा पुरुष आरडाओरडा करत पाण्यात पडले. मी हळूच उतरले, पोरीला उठवायचं नसल्यासारखी. सवय.

पाणी गार होतं, पण आतून ओळखीचं. कान पाण्याखाली गेले आणि एकदम सगळं थांबलं. मंदाबाई थांबल्या, भोंगा थांबला, आनंदराव थांबले. पाण्यात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येत नाही. फक्त आपला येतो. दीड वर्षात मी माझा श्वास ऐकलाच नव्हता. तो चांगला मोठा होता आणि कुणीही न मोजता चालू होता. वर धुकं, खाली हिरवट काळोख, मधे मी आणि माझ्याभोवती फुगून फुललेलं सासूबाईंचं लुगडं. एखादं जांभळं कमळ स्वतःच चालत निघावं, तशी मी वाहत होते. प्रवाहही माझ्याच बाजूचा होता. असं कधी होत नाही. बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की उतरायचा घाट कधी मागे पडला ते कळलंच नाही.

"ओ बाई!" डोंग्यातून एक धीवर ओरडला. "वापस या वो! पुढं चांदा जिल्हा लागते!"

प्रवाहाविरुद्ध परत यायला वीस मिनिटं गेली. तोवर अठरा पुरुषांच्या अठरा सायकली निघून गेल्या होत्या. उरली होती माझी. म्हणजे आनंदरावांची. दांड्यावर त्यांनी नातवासाठी वेताची छोटी खुर्ची बसवली होती आणि तिचा नट गंजल्यामुळे ती निघेना. "राहू द्या," ते म्हणाले, "वजन पुढे असलं का सायकल शहाणी चालते." तेव्हा माझ्या पुढ्यात ती रिकामी खुर्ची, अंगावर दुसरं कोरडं लुगडं, पायात ह्यांचे कॅनव्हासचे बूट, बोटांपुढे कापूस कोंबलेले. अशी मी भंडाऱ्याकडे निघाले. खड्डा आला की माझा डावा हात आपोआप खुर्चीपुढे आडवा जायचा. पडायला तिथं कुणी नव्हतं. हात ऐकायचा नाही.

पोरीची खबर मिळाल्याशिवाय मी पेडल मारणार नाही, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एस.टी.ची सोय केली. मंदाबाई पवनीच्या स्टँडवर बसल्या, घरची खबर गल्लीतली पोरं त्यांना आणून देत. भंडाऱ्याला जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला त्या ताजी बातमी सांगत आणि गाडीनं मला गाठलं की कंडक्टर दारातून ओरडत. पहिली गाडी अड्याळच्या अलीकडे आली. कंडक्टर इश्वरभाऊ, ह्यांच्या ओळखीतले. अर्धे बाहेर लटकत ओरडले, "दूध पेली वो, वहिनी! पूर्ण पेला!" गाडीतल्या सगळ्या माणसांनी माझ्याकडे वळून समाधानानं पाहिलं. पुढची गाडी : "आंघोळ झाली! रडली नाही!" त्यातला एक म्हातारा खिडकीतून म्हणाला, "तेल चोळलं का इचारा." मी विचारलं. गाडी निघून गेली होती.

दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं. ऊन वर चढत होतं तसं ते पिवळं सगळं हलकेच उचलल्यासारखं दिसत होतं, रस्ता त्यात तरंगत होता, आणि मी रस्त्यावर. कुठून कुठे चाललेय, हे मधूनच विसरायला व्हायचं. मग तिसरी गाडी आली, भंडाऱ्याच्या अगदी जवळ.

"बिलकुल फिकर करू नका!" नवा कंडक्टर ओरडला. "पोट्टी हासून राहिली, खेळून राहिली! तुमचं त नाव बी नाही घेऊन राहिली!"

मी सायकल थांबवली. दीड वर्ष. साडेपाचशे दिवसांचा जागता पहारा. आणि सकाळपासून पोरीनं माझं नावही घेतलं नव्हतं. पोर सुखात असल्याचा आनंद झाला नाही, असं नाही. पण तो मागच्या सीटवर होता.

भंडाऱ्याच्या स्टँडसमोर परतीची खूण करायला मंडळाचा एक माणूस टेबल टाकून बसला होता. प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारायचा, असा नियम. शिक्का कुठूनसा उसना आणलेला. त्यानं माझ्या मनगटावर दाबून मारला : 'आवक'. जांभळ्या शाईत, तारखेसह.

शेजारीच इश्वरभाऊंची गाडी परतीला उभी होती. "वहिनी, चेहरा पाहा तुमचा," ते म्हणाले. "चला. सायकल टपावर टाकतो. बारा-साडेबाराले घरी. पोरीले घ्या जवळ, संपला विषय."

मी चढले. खोटं कशाला सांगू? खिडकीपाशी जागा होती, सीट उन्हानं उबदार झाली होती. डोळे मिटले. घर दिसलं. मी दारातून आत जातेय, पोरीला उचलतेय, छातीशी धरतेय. आणि दुसऱ्याच क्षणी माझे ओठ हलताहेत : एक, दोन, तीन, चार. मोजणं सुरू. आज, उद्या, ती शाळेत जाईपर्यंत, तिच्या लग्नातल्या मांडवात मी घड्याळ घेऊन उभी.

मी डोळे उघडले आणि उतरले. टेबलावरचा माणूस हातातली भाकर ठेवून धावत आला. त्याच्याकडे दुसराही शिक्का होता. माझ्या दुसऱ्या मनगटावर त्यानं मारला : 'जावक'. "आता तुमचं प्रकरण निघालं, बाई," तो म्हणाला. "आता अर्ध्यात थांबता नाही येत."

परतीचं मला नीट आठवत नाही. ऊन डोक्यात शिरत होतं आणि पायांतून निथळत होतं. मधे कुठेतरी मी खुर्चीशी बोलत होते, ती शहाण्यासारखी ऐकत होती. मग काहीतरी मऊ लागलं. मी सायकलसकट तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात होते. कापणीच्या बाया भोवती उभ्या. त्यातली एक म्हणाली, "पड ना माय इथंच जराशी. कोण पाह्यते?" काय सांगू! ज्यासाठी घरातून निघाले, ते सोनेरी, गरम, ढीगभर होतं. मी आडवी झाले. डोळे मिटले. आणि आतून आवाज आला : समोरून लक्ष ठेवणाऱ्या मंदाबाई तर स्टँडवर आहेत, मग अंगणाचं फाटक कुणी लावलं? डोळे टक्क उघडे. अंग अजून पुरेसं थकलं नव्हतं. अजून वीस किलोमीटरची भीती शिल्लक होती.

धावण्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण मी धावले असं फक्त मीच म्हणते. गावाबाहेर बांध्यांमधून दहा किलोमीटर जायचं आणि परत यायचं. मी निघाले तेव्हा पहिला आलेला गडी आंघोळ करून, जेवून, पान खाऊन ओट्यावर बसला होता. "चालू द्या, ताई," तो म्हणाला. कापूस बुटात बोळा होऊन फिरत होता. एक शेळी बराच वेळ बरोबर आली, मग तिला तिचं काम आठवलं. हळूहळू पाय माझे राहिले नाहीत, मग दुखणंही माझं राहिलं नाही. बांधावरच्या पळसांच्या सावल्या लांब होत होत रस्ता ओलांडून गेल्या. सूर्य मावळायच्या आत पोचायचं, एवढीच अट होती.

मी पोचले तेव्हा सूर्य नदीच्या वर दोन बोटं होता. पटांगणात मांडवाचं कापड उतरवणं चालू होतं. आणि शेवटची रेषा नव्हती. धानाचे भारे भरलेली एक बंडी तिच्यावरून गेली होती आणि मागून बैलांनी उरलीसुरली पुसली होती.

"मास्तर, मी संपू कुठे?" मी ओरडले.

"थांबू नका, बाई!" सेवकराम मास्तर हातात रिकामं डबडं घेऊन धावत सुटले. "रेषेशिवाय पूर्ण धरता नाही येत! तुम्ही लिंबाले चक्कर मारा, मी रेषा मारून राहिलो!"

मी लिंबाला चकरा मारू लागले. रेषा आखायची फक्की संपली होती. चुना मिळेना. माझ्या चौथ्या चकरेला सूर्य एक बोट उरला. शेवटी मंदाबाई घरातून तांदळाचं पीठ घेऊन आल्या आणि ओच्यातून त्यांनी अशी सरळ, बारीक रेषा सोडली की लोकांनी टाळ्या त्या रेषेला वाजवल्या. मी तिच्यावरून गेले. सासूबाई पुढे आल्या, कडेवर मिता. मी हात पसरले. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मातीचं तोंड, तणसाचे केस, दोन मनगटांवर जांभळे शिक्के. आणि किंचाळून आजीच्या मानेत तोंड खुपसलं.

आणि झोप? झोप आली नाही. अंगातला एकेक स्नायू जागा होऊन दुसऱ्याला हाक मारत होता.

आता पुढचं. एवढं अंग मोडलेल्या बाईचं काय करायचं, याचा सासूबाईंना एकच अनुभव होता. त्यांनी माझं बाळंतपण सुरू केलं. खिडक्या बंद. कानाला फडकं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सकाळी तेल, वर कढत पाणी, मग शेपेचा धूर. डिंकाचे लाडू आणि मेथीचे लाडू, एकाआड एक. मी म्हटलं, "आई, मी सायकल चालवली आहे, बाळंत नाही झाले."

"कंबर गेली का नाही?"

"गेली."

"बसता येते का?"

नव्हतं येत. उकिडवं बसायचं म्हटलं की ह्यांना मोरीच्या दाराबाहेरून दोर धरून उभं राहावं लागे. सुशिक्षित दांपत्यानं याहून जास्त लिहू नये.

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "कंबरेले काय मालूम, कायनं गेली ते."

मंदाबाईंनी दारावरून धूर पाहिला आणि तिसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. झबली, टोपरी, एक पाळण्यावर टांगायचं चिमणाळं. बाज हुंगून, कोपरे न्याहाळून त्या हळूच विचारत, "अन् लेकरू?" ओट्यावर ह्यांना कुणी विचारलं, "काय झालं, भाऊ?" हे प्रामाणिकपणे म्हणाले, "पहिला नंबर." अभिनंदन करून तो माणूस गेला. त्यात बाळंतिणीनं दिवसा झोपायचं नसतं, असा सासूबाईंचा कायदा. जरा पापणी पडली की "ऊठ, वात धरन" म्हणून हलवत. दीड वर्ष पोरीसाठी जागत होते, आता विनापोर जागत होते. डॉक्टरीणबाईंची योजना सपशेल फसली, हे मी सातव्या दिवशी मनाशी मान्य केलं आणि लाडू खाल्ला.

आठव्या दिवशी, रविवारी दुपारी दोनला, शाळेच्या पटांगणावर बक्षीस समारंभ. मंडळात आधी वाद झाला म्हणे. महिला विभागात दुसरी कुणी नसताना मला पहिली कसं म्हणायचं? पहिल्याला निदान एक मागचा लागतो. शेवटी प्रमाणपत्रावर 'प्रथम (एकमेव)' असं लिहायचं ठरलं. मला पायऱ्या चढता येत नव्हत्या म्हणून दोघांनी धरून व्यासपीठावर नेलं आणि गादीच्या खुर्चीत बसवलं. सासूबाई पोरीला घेऊन पहिल्या रांगेत. शेगडी नाही, लाडू नाही, कुणी हलवणारं नाही. वर मांडवाचं लाल कापड, त्यातून गाळून आलेलं ऊन.

प्रमुख पाहुणे उठले आणि शरीराचं महत्त्व सांगू लागले. आवाज घनगंभीर. भुंगा दूरच्या खोलीत असल्यासारखा. समोर मिता काहीतरी चघळत होती. काय आहे ते? मी पाहिलं. शेंगदाणा? मणी? उठून पाहावं, असं मनात आलं. मनात आलेलं गुडघ्यापर्यंत गेलं आणि तिथंच बसलं. भुंगा म्हणाला, "निद्रा ही..."

यापुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगते. माझं नाव तीनदा पुकारलं गेलं. मग सेवकराम मास्तरांनी पदक माझ्या गळ्यात जपून घातलं, हार चढवावा तसं. पाहुण्यांनी उरलेलं भाषण दबक्या आवाजात केलं. राष्ट्रगीताच्या वेळी मला खुर्चीसकट उचलून उभं धरलं, असं आनंदराव सांगतात. हे म्हणतात, तसं काही झालं नाही. पण हेही त्या वेळी जागे होते का, याला पुरावा नाही. मांडववाल्यांनी सगळ्या खुर्च्या दुमडल्या, माझी सोडून. कनात काढली, खांब काढले, आणि शेवटी माझ्यावरचं तेवढं लाल कापड चार काठ्यांवर राहू दिलं. वर्गात शिरलेल्या पोरांनी बाकं वाजवली तर सासूबाईंनी त्यांना दगड दाखवला.

जाग आली तेव्हा पटांगण रिकामं होतं. ऊन शाळेच्या कवेलूंवर गेलं होतं. एक बकरी पाहुण्यांचा हार खात होती. सासूबाई व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. आतून मी धुतलेल्या, पाणी भरायच्या पितळी गुंडीसारखी रिकामी, स्वच्छ झाले होते. कुणी वाजवलं असतं तर नाद निघाला असता.

"तीन घंटे झाले," सासूबाई म्हणाल्या.

"भाषण संपलं?"

"कवाचंच."

"बरं होतं?"

"तुले मानवलं ना? मंग बरंच असन."

त्यांनी कुठूनसा चहा मागवला. मी बशीतून सावकाश प्यायले. मग आम्ही घरी निघालो, मी पाय ओढत, त्या माझ्या चालीनं. मी त्यांना नदीतल्या धुक्याबद्दल सांगत होते, तणसाच्या ढिगाबद्दल सांगत होते. त्या नुसत्या कडेनं माझ्याकडे पाहत होत्या. बाजाराचा रस्ता संपला. विहीर गेली. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

"काय वो सूनबाई," त्या थांबून म्हणाल्या, "पोट्टी कोठं हाये, ते नाही इचारलंस?"

मीही थांबले. खरंच की. घोटभर चहा, भाषण, धुकं, तणस. आणि पोरीचं मी नावही घेतलं नव्हतं. मी छातीत धडधड सुरू व्हायची वाट पाहिली. थोडा वेळ पाहिली. गल्लीच्या टोकाला कुणीतरी बादली ठेवली, कुणाची तरी कडी वाजली.

"सांगू?" सासूबाई म्हणाल्या.

"घरी गेल्यावर सांगा," मी म्हटलं, आणि तोंडाला पदर लावून एक भलीमोठी जांभई दिली.